साखरामावशीची मूठ

दिंद्रुडच्या बाजारात सध्या एकच बातमी फिरते. साखरामावशीच्या डोक्यात पुण्याच्या डॉक्टरांनी सिम कार्ड घातलंय आणि तिचा नवा हात पुण्यात बसलेला कुणीतरी हलवतो. रेंज गेली की हात जागीच थांबतो. कटिंगच्या दुकानात हनुमाननं तर वस्तरा खाली ठेवून सांगितलं, "परवा वांगे घेता घेता हात मधीच थांबला. म्या बगितलं ना. पुण्यातला माणूस जेवायला गेलता." ऐकणाऱ्या तिघांनी गंभीरपणे माना हलवल्या.

हे सगळं खोटं आहे. डोक्यात सिम नाही आणि पुण्यात कुणी बसलेलं नाही. खरं काय ते ऐकलं तर हनुमान दुसऱ्यांदा वस्तरा खाली ठेवेल. तो हात मावशीच्या नुसत्या मनात आलं की हलतो.

साखरामावशी आमची शेजारीण. बावीस शेळ्या आणि नवरा बजरंगकाका, असा तिचा संसार. दोन वर्षांमागं कडबा कुट्टीच्या यंत्रात तिचा पदर गेला, पदरामागं उजवा हात गेला. यंत्रानं हात नुसता तोडला नाही, खांद्यातल्या नसा मुळासकट उपटल्या. त्यामुळं उरलेल्या दंडाच्या जोरावर चालणारा साधा यंत्राचा हात तिच्या कामाचा नव्हता. पुण्यातल्या एका दवाखान्यात प्रयोग चालू होता: कवटी उघडायची, मेंदूवर मसुराच्या डाळीएवढी चिप ठेवायची आणि हात हलवायचा विचार जिथं उगवतो तिथूनच तो उचलून यंत्राला द्यायचा.

"हातासाठी डोकं कावून फोडायलेत?" काकांनी विचारलं होतं.

"माजा हात डोक्यातच अडकलाय म्हनत्यात," मावशी म्हणाली. "तितून काडायचाय."

ती परत आली तेव्हा अंबाड्याजवळ शर्टाच्या गुंडीएवढं बटन होतं, त्यातून निघालेली वायर पदराखालून कंबरेच्या डबीत जात होती, आणि खांद्याला काळा हात पट्ट्यानं बांधलेला होता. मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा ती दारात बसून डाव्या हातानं ज्वारी निवडत होती. नाकावर माशी बसली. काळा हात गुडघ्यावरनं 'झुंई' करत उठला, माशी हाकलली आणि परत गुडघ्यावर जाऊन बसला. मावशीनं ज्वारीवरची नजरसुद्धा हलवली नाही. मी आईनं दिलेली कढीची वाटी घेऊन गेलते, ती अख्खी पायावर सांडली.

"काय झालं गं योगे?" मावशी म्हणाली. "माशी बगितली न्हाईस कदी?"

हात उचलणं जमलं होतं, वळवणं जमलं होतं. घोटाळा होता मुठीचा. पाण्यानं भरलेला प्लास्टिकचा ग्लास धरायचा आणि तोंडाला लावायचा, एवढी परीक्षा होती, आणि त्या काळ्या हातानं चार ग्लास चुरगाळले होते. हात मावशीच्या मालकीचा नव्हता, प्रयोगाचा होता. शुक्रवारपर्यंत ग्लास उचलला नाही तर हात काढून रांगेतल्या पुढच्या माणसाला बसवणार, असं मोहिनी मॅडमनी सांगितलं. त्या पुण्याच्या डॉक्टर, माजलगावात उतरून रोज लॅपटॉप घेऊन यायच्या.

मावशीला ग्लासाचं सोयरसुतक नव्हतं. पाणी ती डाव्या हातानं प्यायची. तिचं दुखणं वेगळं. दोन वर्षं धार काढायला काकांना शेळीचा पाय धरून बसावं लागत होतं. "सोताच्या शेळीखाली बसायला दुसऱ्याला हाक मारायची," ती एकदा मला म्हणाली.

गुरुवारी दुपारी ती तोंड पाडून बसलेली बघून मी तिला हसवायला त्या हाताची नक्कल केली. नकलेत मी कसर ठेवत नाही. तोंडानं झुंई, कोपर अडकत अडकत वर, मग बोटं जशी मिटतात अगदी तशी: आधी अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, मग मधलं, मग त्याच्या पुढचं, शेवटी करंगळी. काका दावणीला बादली घेऊन चालले होते. ते थांबले.

"परत कर," म्हणाले.

मी परत केली.

"आगं, ही तर धार काडायलीय."

मी माझ्याच बोटांकडं बघत राहिले. एकामागून एक, वरून खाली, थेंब न् थेंब पिळून काढणारी मूठ. मावशीनं मान खाली घातली.

"मॅडम म्हनायच्या, मूठ वळतीय आसं मनात आना," ती हळूच बोलली. "आनली. मला दुसरी कोन्ती मूठ ठावं हाय?"

तीन आठवडे, दिवसातून शेकडो वेळा, तिनं मनातल्या मनात शेळी पिळली होती, आणि कॉम्प्युटर तेवढंच शिकला होता. ग्लासही तो शेळीसारखाच पिळत होता.

"मग सांगितलं का न्हाईस?" काकांनी विचारलं.

"एवडं डोकं फोडलं आन् बाईनं आत शेळी घालून ठिवली म्हनले आसते."

शुक्रवारी मॅडम आल्या तेव्हा काकांनीच सांगितलं. मॅडमनी लॅपटॉप उघडला, बोटांच्या वेळा बघितल्या आणि ओट्यावर बसल्या. "आम्ही तीन आठवडे मशीनमधला बिघाड शोधत होतो," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं, की ग्लासाची अट त्या बदलू शकत नाहीत. पण या हातानं एक काम नीट होतं असा व्हिडिओ मिळाला, तर पुण्याला पाठवून मुदत मागता येईल.

"मग काबरीखाली बसते," मावशी म्हणाली.

काबरी म्हणजे कळपातली सगळ्यात तिरसट शेळी. मलाही शिवू देत नाही. मी म्हणाले, "मावशी, लात घालील, धार काढू देणार नाही. पैज लाव."

"लावली. हरलीस तर मॅडमची नक्कल मॅडमपुढं करायची."

मॅडमनी हाताची ताकद निम्म्यावर आणली. काळी बोटं कासेला लागली आणि काबरीनं लात हाणली. तांब्या दावणीपर्यंत गडगडत गेला. मी जिंकलेच होते. पण मावशी उठली नाही. तिनं काबरीचं करडू मागवलं. आई मेलेलं करडू दुसऱ्या शेळीला लावताना आमच्याकडं करतात तेच तिनं केलं. डाव्या हातानं काबरीच्या चार धारा काढून रबरी बोटांना चोपडल्या, बोटं करडाच्या पाठीवरून, शेपटीखालून घासली आणि हात काबरीच्या नाकापुढं धरला.

काबरीनं हुंगला. मग चाटला. तो वायरींचा, पुण्याहून आलेला काळा हात तिनं पोटच्या पिल्लासारखा मनगटापर्यंत चाटून काढला.

सवयीनं काका पाय धरायला वाकले.

"बसा तुमी," मावशी म्हणाली.

डावी मूठ, उजवी मूठ. सुर्र, सुर्र. तांब्यात फेस चढला. काका भिंतीला टेकून उभे होते, रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. मॅडम हातातला मोबाइल विसरून शेळीकडंच बघत होत्या, त्यामुळं व्हिडिओत अर्धा वेळ छपराचा पत्राच दिसतो.

चारच्या सुमारास पुण्याहून फोन आला. सहा महिने हात राहणार होता, ग्लासासाठी नवी मूठ सावकाश शिकवायची होती. मावशीनं दुधाचा तांब्या आत ठेवला, बाहेर आली आणि माझ्याकडं बघितलं.

सुटका नव्हती. मी ओढणी नीट केली, मान एका बाजूला कलती केली, चष्मा नसताना चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "साखराबाई, घाई नाही हं, अगदी छान, फक्त शेळीला जरा रिलॅक्स व्हायला सांगा."

काका पाठमोरे झाले, त्यांचे खांदे हलत होते. मॅडम माझ्याकडं वळल्या.

"मी अशी बोलते?"

"न्हाई," मावशी म्हणाली. "तुमी ह्याच्यापेक्षा हळू बोलता."