अनसूयेच्या शेळ्यांची राई

वरसाव्याला घोडबंदर रोडच्या कडेला, पत्र्याच्या कुंपणाआड दीड एकराचा एक प्लॉट आहे. अनसूया तिथे नवऱ्याबरोबर राखणीला आली तेव्हा लेक क्षितिजा कडेवर होती. शेठने एकच काम सांगितलं होतं, जागेत कुणी घुसता कामा नये. पुढे नवरा वारला, क्षितिजा लग्न होऊन भाईंदरला इंद्रलोकला गेली आणि राखण एकट्या अनसूयेच्या गळ्यात राहिली. आपण एक दिवस जरी हललो तर मागे कुणीतरी झोपडं ठोकील, ही धास्ती तिच्या अंगात इतकी भिनली होती की म्हसळ्याला सख्खा भाऊ गेला, तेव्हा तिने फोनवरच रडून घेतलं.

सोबतीला शेळ्या होत्या. नवऱ्याने दोन आणल्या, त्यांच्या चौदा झाल्या. सकाळी मागच्या डोंगरात सोडायच्या, दुपारी आणायच्या. मग जंगलाच्या कडेने भिंत उभी राहिली. रस्ता रुंद होत गेला; एक करडू ट्रकखाली गेलं त्या दिवशी तिने फाटकाला आतून कडी घातली. तिसऱ्या बाजूला टॉवरचं काम निघालं. शेळ्या आत, तीही आत. मे महिन्यात त्या उघड्या जागेत सावली कसली ती नव्हती. पत्र्याच्या शेडमध्ये शेळ्या धापा टाकत पडायच्या आणि भाजीवाल्याने टाकलेल्या कोबीच्या पानांवर दिवस काढायच्या.

"विकून टाक ना आई, आणि माझ्याकडे ये," क्षितिजा म्हणायची.

"तुझ्या वन रूम किचनमध्ये मी काय करू? आणि शेठला काय सांगू?"

माहेरी तिची आई शेळ्यांना फणसाचा पाला घालायची, गोठ्याभोवती शेवरी लावायची. ते आठवलं आणि तिने भाच्याकडून पाकिटात शेवरीचं बी मागवलं. उंबर मात्र तिला फुकट मिळाले. पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये प्लंबिंगची कामं करणारा महिपत तिच्याच बाजूचा, माणगावचा. बिल्डिंगांच्या पाइपातून उगवलेली उंबराची रोपं उपटून टाकायचं काम त्याच्याकडे असायचं. तो ती ओल्या गोणपाटात गुंडाळून आणून द्यायचा.

पहिली ओळ शेळ्यांनी एका दुपारीत फस्त केली. अनसूया डोक्याला हात लावून बसली. मग महिपतनेच भंगारातून जुन्या गाद्यांच्या स्प्रिंगा आणि पलंगाच्या जाळ्या आणल्या. एकेका रोपाभोवती एकेक जाळी ठोकली. अर्धी जागा जुन्या दरवाजांनी अडवून वर्षभर शेळ्यांना बंद ठेवली, मग दुसरी अर्धी. शेवरी, हादगा, उंबर, चार फणस. मधे गवताला ऊन मिळावं म्हणून ऐसपैस अंतर ठेवून. तिसऱ्या उन्हाळ्यात झाडांखालचं गवत एप्रिलपर्यंत हिरवं राहिलं. शेळ्या सावलीत रवंथ करत बसल्या. अनसूया कोयत्याने वरच्या फांद्या छाटून पाला खाली टाकायची, आणि खटखट ऐकली की सगळा कळप धावत यायचा. अडकलेल्या जागेत तिने आपल्यापुरतं रान उभं केलं होतं.

शेठ म्हातारे झाले होते. या जानेवारीत त्यांचा पुतण्या जितेंद्र गाडीतून उतरला आणि झाडं पाहून जागीच थांबला.

"मौसी, ये क्या जंगल बना दिया? प्लॉटचा सौदा होतोय. झाडं दिसली की परमिशनची लफडी. मार्चच्या पहिल्या सोमवारी झाडं मोजायला पालिकेचा माणूस येतोय."

"मग मी काय करू?"

"बुंध्याची साल गोल सोलून टाका. मोठ्या झाडांची तर आजच. आपोआप वाळतील. वाळलेल्या झाडाला कोण विचारतंय? एवढं करा, तुम्हाला साइटवर ठेवून घेतो. नाहीतर मार्चअखेर खोली खाली करा."

तो गेल्यावर ती उंबऱ्यात बसून हिशेब करू लागली. साल सोलली तर खोली राहील, पण शेळ्या जगणार नाहीत. नाही सोलली तर शेळ्या घेऊन जायचं कुठे? इंद्रलोकच्या चौथ्या मजल्यावर?

त्याच आठवड्यात रविवारी दुपारी तिने कोयता घेतला. सगळ्यात मोठ्या उंबरावर एक घाव घातला. पांढरा चीक ओघळला. दुसरा घाव घातला आणि मागून खुरं वाजली. चौदाच्या चौदा शेळ्या येऊन माना वर करून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, पाला मिळणार. अनसूयेचा हात खाली आला. तिने चिखल कालवून त्या घावावर लिंपला आणि फणसाच्या दोन फांद्या तोडून त्यांच्यापुढे टाकल्या.

मार्चमधल्या त्या सोमवारी झाडं मोजणारा आला तेव्हा ती त्याच्याबरोबर ऊन डोक्यावर घेत फिरली. जाळीतली गुडघाभर रोपंसुद्धा तिने दाखवली. त्याने एकेका झाडावर आकडा रंगवला, एकूण एकसष्ट. जितेंद्र फोनवर ओरडला. सौदा लांबणीवर पडला, आणि तोवर राखणीला माणूस हवाच, म्हणून अनसूयेला काढलं नाही. पण फाटकाला बाहेरून नवं कुलूप लागलं. किल्ली बाजूच्या टॉवरच्या वॉचमनकडे; बाहेर जायचं तर आता त्याला हाक मारायची.

मोजणाऱ्याने जाताना आणखी एक सांगितलं होतं.

"मावशी, आता फांदीसुद्धा तोडायची नाही. परवानगी लागेल."

"अर्ज कुठे करायचा?"

"जागा ज्याची, त्याने करायचा."

झाडं वाचली होती, पाला वर लोंबत होता आणि कोयता भिंतीला टांगलेला. खालची पानं शेळ्यांनी मागच्या पायांवर उभं राहून आठ दिवसांत संपवली.

"शेळ्यांनीच खाल्लं तर?" तिने मोजणाऱ्याला फोन करून विचारलं.

तो हसला. "शेळ्यांना मी काय नोटीस देणार?"

त्या दिवसापासून ती महिपतने दिलेला नायलॉनचा दोर वरच्या फांदीवर टाकते आणि अंगाचा भार देऊन फांदी खाली ओढते. शेळ्या तुटून पडतात. दोर सुटला तर फांदी फटक्यासरशी वर जाईल, एखाद्या करडाला लागेल, म्हणून त्यांचं पोट भरेपर्यंत तिला हलता येत नाही. एकेका झाडापाशी पाव तास, दिवसातून सहा-सात झाडं.

क्षितिजाचा फोन येतो. तो कान आणि खांद्यात धरून ती बोलते.

"आई, रविवारी येतेस ना जेवायला?"

"बघते गं," अनसूया म्हणते. मग दोराचा मनगटाला आणखी एक वेढा देऊन टाचा मातीत रोवते.