संत्र्याच्या पेटीतली शेवंड

नागपूर स्टेशनवर मद्रासची गाडी सुटेपर्यंत मी तीनदा खाली उतरलो आणि तीनदा चढलो. हातात संत्र्याची पेटी होती आणि डोक्यात सरांचे डोळे.

सरांनी आमच्या कॉलेजात पस्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. मी त्यांचा विद्यार्थी, आता त्याच वर्गात शिकवतो. खोल समुद्रातल्या शेवंडीचं (आपल्या झिंग्याची मोठी, काटेरी बहीण) चित्र ते दरवर्षी फळ्यावर काढत. पण अख्खी शेवंड त्यांनी पाहिली नव्हती. समुद्रच पाहिला नव्हता. आता काचबिंदूनं नजर जात चालली होती आणि डॉक्टर महिन्या-दोन महिन्यांची भाषा करत होते. त्याआधी अख्खी शेवंड आणून त्यांना दाखवायची, असं मी ठरवलं.

"काहून जीव टाकून राहिला गा? झिंगाच तर आहे," सर म्हणाले. पण जाऊ नको, असं काही म्हणाले नाहीत.

मद्रासला गाडी बदलून क्विलॉनला उतरलो. ओळखीच्या ओळखीनं एका बोटीवर जागा मिळाली. बोटीवरचा स्वयंपाकी वर्गीस पूर्वी नागपूरशेजारच्या कामठीच्या लष्करी छावणीत होता, म्हणून हिंदी बोलायचा. मी नेलेलं संत्रं त्यानं सोललं, साल बराच वेळ नाकाशी धरली आणि अर्धी पेटी बोटीवर वाटून टाकली.

पहाटे निघालो. तासाभरात मी कठड्याला धरून ओकत होतो. वर्गीसनं दिलेला कप्पा (उकडलेला कंद) आणि तिखटजाळ माशाचं कालवण, दोन्ही समुद्राला अर्पण झालं. किनारा दिसेनासा झाल्यावर जाळं सोडलं. ही शेवंड दीडशे वाव, म्हणजे नऊशे फूट खाली, उजेड जेमतेम पोचतो तिथे, मऊ चिखलावर राहते. तिची पिल्लं मात्र काचेच्या पापुद्र्यासारखी चपटी, महिनोन् महिने वरच्या पाण्यात वाहत असतात. थोडक्या उजेडासाठी तिचे डोळे मोठे असतात, असं सर शिकवायचे.

पहिल्या खेपेला नुसता चिखल आणि कोळंबी. दुसऱ्या खेपेला सात-आठ शेवंडी आल्या. नारिंगी-गुलाबी, वीतभर अंगाच्या, वर येईस्तोवर मरायला टेकलेल्या. मी हात पुढे करतो तोच एका खलाशानं पहिलीची शेपटी पिरगळून तोडली आणि धड समुद्रात फेकलं. परदेशात फक्त शेपट्या जातात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी तुटली, तिसरी तुटली. शेवटी मी सरळ उरलेल्या शेवंडींवर आडवा पडलो. सगळे हसले. वर्गीसनं माझ्या पोटाखालून एक उचलली. "कोंजू (शेवंड)," तो म्हणाला. "मादी है, साहब. अंडेवाली."

माझ्या बरणीत तिच्या मिशा मावेनात, एवढ्या लांब. म्हणून तिला वर्गीसच्या परातीत फॉर्मॅलिनमध्ये (मेलेला जीव टिकवायचं औषध) ठेवलं आणि निघताना त्याच औषधात भिजवलेल्या कापडात गुंडाळून संत्र्याच्या रिकाम्या झालेल्या पेटीत घातलं. "कपडा गीला रखना," वर्गीस बजावत होता. पण मी पडलो नागपूरचा. पेटीत ओल राहिली की एका फळापायी सगळी पेटी सडते, हे लहानपणापासून पाहिलेलं. मी कापड घट्ट पिळलं, भोवती कोरडं तणस (भाताचा पेंढा) दाबलं आणि वारा लागावा म्हणून फटी मोकळ्या ठेवल्या. आपण फार शहाणे आहोत असं तेव्हा वाटलं होतं.

बल्लारशाहच्या अलीकडे समोरच्या बाकावरचे उमरेडचे गृहस्थ म्हणाले, "भाऊ, डोळे झोंबून राहिले. काय आहे पेटीत?"

पेटी उघडली. एक मिशी मुळापासून गेली होती, दुसरीचे तीन तुकडे. वाळून काडीसारख्या झाल्या होत्या. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. त्या गृहस्थांनी आपला दुपट्टा सुरईच्या पाण्यात भिजवून पुढे केला. "मेलेल्याले पाणी पाजून राहिले तुम्ही. पण पाजा."

नागपूरला उतरून थेट सरांकडे गेलो. ते दारातच बसले होते, पण माझ्या खांद्यापलीकडे बघत होते. मी गेल्यापासून त्यांच्या नजरेला उजेड आणि अंधार एवढंच उरलं होतं.

मी शेवंड त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांची बोटं पाठीच्या काट्यांवरून डोळ्यांपाशी गेली, तिथे थांबली, मग शेपटीखाली वळली.

"मादी आहे. अंडी कोण्या रंगाची?"

"संत्र्याच्या फोडीसारखी, सर."

"अन् हे तणस?"

मी सगळं सांगितलं. पिळलेलं कापड, फटी, मिशा. ते रागावले नाहीत. तुकडे मागून घेतले, चाचपत एकाला एक जोडून ठेवले आणि वितीनं मोजले. दोन विती भरून वर चार बोटं.

"मागच्या बाकाले काटे दिसले पाहिजे म्हणून मी आंग मोठं काढत होतो," सर म्हणाले. "मग मिशांले फळा पुरत नव्हता. पस्तीस वर्षं मागं वळवून काढल्या. तू सरळ काढजो गा."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी अंग मोठं काढलं आणि मिशा सरळ ओढत नेल्या. फळा संपला तशी भिंत लागली. पांढऱ्या भिंतीवर पांढरा खडू कुणाला दिसत नव्हता. मी मिशी टोकापर्यंत नेली.