माझ्या मागची मोकळी जागा

अण्णा गेल्याचा फोन वहिनीने होसकोट्याहून केला, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं, "सुटलो एकदाचा!" सांगायला लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू? सख्ख्या मोठ्या भावाशी चार वर्षं अबोला होता माझा.

यशवंतपूरच्या आमच्या कारखान्याच्या फुटबॉल संघात आम्ही दोघेही होतो. अण्णा पुढे गोल करायला, मी मागे राखणीला, डावा बॅक. उंच बॉल टाकायचा आणि अण्णाने डोक्याने गोलात घालायचा, एवढीच आमची विद्या. मग नवे कोच आले. त्यांनी कॅरमबोर्डावर अकरा सोंगट्या मांडल्या, प्रत्येकीवर एकेकाचं नाव चिकटवलेलं. आता जमिनीलगत छोटे पास, आणि बॅकनेही पुढे चढायचं. महिनाभर आम्ही एकमेकांवरच आपटत होतो. मी तर चढलो की परत यायचंच विसरायचो. एके दिवशी कोचनी सगळ्यांदेखत अण्णाची सोंगटी उचलून बाजूला ठेवली. "ह्या पद्धतीत तुमचं काम नाही." अण्णाने ती गुपचूप खिशात घातली. मी ब्र काढला नाही... माझी जागा पक्की होती ना!

त्यानंतरही अण्णा रोज सरावाला येऊन कट्ट्यावर बसायचा. मला वाटलं, माया सुटत नाही. कसली माया! तो होसकोट्याच्या संघाला शिकवायला गेला, आणि त्यांच्याशी सामना झाला तेव्हा त्यांचे तिन्ही गोल मी चढल्यावर माझ्या मागे राहिलेल्या मोकळ्या जागेतून झाले.

"अण्णा, माझ्याच मागून?" मी मैदानातच ओरडलो.

"तू बोललास का माझ्यासाठी?" एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी माझीही सोंगटी बोर्डावरून गेली. मी ठरवलं, ह्याचं तोंड बघणार नाही. आजारी पडल्यावर त्याने दोनदा निरोप धाडला, "स्वल्प येऊन जा, जरासाच." नाही गेलो. झुरू दे, म्हटलं. मला त्याला वाट बघायला लावायचीच होती.

तेराव्याला वहिनीने माझ्या हातात एक डबी ठेवली. आत दोन सोंगट्या होत्या. एकीवर त्याचं नाव, दुसरीवर माझं.

"तुमची ह्यांनी कोचशी भांडून आणली होती," वहिनी म्हणाली. "तुम्ही आलात की द्यायची म्हणून ठेवलेली."

आता रोज संध्याकाळी घरातला कॅरमबोर्ड काढतो. माझी सोंगटी डावीकडे मागे ठेवतो, त्याची समोर. मग माझी पुढे सरकवतो, मागची जागा मोकळी सोडतो आणि म्हणतो, ये अण्णा, ये आता माझ्या मागून... येत नाही. आता तो मला वाट बघायला लावतोय.