मी पुरवलेले शब्द

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात मी हायस्कूलला मराठी आणि इंग्रजी शिकवत होते. शाळा साडेदहाला भरायची, पण माझा एक वर्ग साडेनऊलाच सुरू व्हायचा. तो कच्च्या मुलांचा. आजूबाजूच्या वाड्यांतली शेतकऱ्यांची पोरं ती, बहुतेकांचे बाप मुंबईला कामाला. इंग्रजीचं पुस्तक उघडलं की त्यांचे चेहरे काढा प्यायल्यासारखे व्हायचे. मी ओरडायचे, मग घरी जाऊन हळहळायचे, दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी भाजलेल्या काजूबिया न्यायचे, आणि पुन्हा ओरडायचे.

एका वर्षी दिवाळीनंतर आठवीत, आणि माझ्या त्या सकाळच्या वर्गातही, एक मुलगी आली. आईबाप विजापूरकडचे, गावावरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, जांभ्या दगडाच्या चिरेखाणीत कामाला. सातवीपर्यंत ती कानडी शाळेत शिकलेली. तिचा दाखलाही कानडीत. तो वाचून घ्यायला हेडमास्तरांना बाजारातल्या उडप्याच्या हॉटेलात जावं लागलं. चहा पिऊन आले आणि मला म्हणाले, "हुशार आहे म्हणे. बघा आता तुम्हीच."

तिला मराठी अगदीच येत नव्हतं असं नाही. मुकादम खाणीत जेवढं ओरडायचा तेवढं येत होतं. आण, उचल, ठेव, हो बाजूला. पहिल्याच दिवशी तिनं माझ्याकडे हात पुढे करून "खडू दे" असं फर्मावलं.

"बाई, ही तुमच्यावर पण हुकूम सोडत्ये!" मागून एक कार्टं ओरडलं आणि वर्ग खो खो हसला. मीही हसले. पण त्या दिवसापासून हट्टाला पेटले. ही पोरगी वार्षिक परीक्षेत मराठीत पास झालीच पाहिजे.

इंग्रजीची मला काळजी नव्हती. ती भाषा सगळ्यांनाच परकी, आणि परकं शिकायची सवय फक्त तिला होती. डबा उघडताना, वही मिटताना, जे करत असेल ते ती इंग्रजीत बोलून दाखवायची. तिचं बघून बाकीचेही बोलायला लागले. चार वर्षं माझ्या ओरडण्यानं जे झालं नाही ते तिनं चार आठवड्यांत केलं. मला थोडा रागच आला होता, खोटं कशाला बोलू.

मराठी मात्र ती शब्द शोधत शोधत बोलायची. मध्येच थांबायची, वर कौलांकडे बघायची, ओठ नुसते हलायचे. मी मूळची उतावळी. ते थांबणं मला सोसायचं नाही. मी पुढचा शब्द चटकन पुरवायचे, ती मान डोलवायची, वाक्य पुरं व्हायचं. यालाच मी मदत समजत होते.

एकदा विचारलं, "इथं तुला काय आवडतं?"

"मला इथं..." ती थांबली.

"समुद्र?"

मान डोलली. पुढं कळलं की तिनं समुद्र अजून पाहिलाच नव्हता. खाण आणि शाळा एवढंच तिचं जग. हा किस्सा मी स्टाफरूममध्ये मिटक्या मारत सांगितला.

ती पास झाली, मराठीतही, काठावर का होईना. पण पावसाळ्यात खाण बंद, माणसं गावाला जाणार, आणि पुढच्या वर्षी मुकादम त्यांना कुठं नेईल याचा भरवसा नाही. निकालाच्या दिवशी तिचा बाप दाखला मागायला आला. मी आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं. ती माझ्या खोलीवर राहील, दहावीपर्यंत. घरमालकीण काकूंशी बोलून झालं होतं, वेगळं अंथरूणही काढून ठेवलं होतं. फक्त तिला विचारायचं राहिलं होतं.

बाप दाराशी उभा राहून ऐकत होता. हातापायांवर चिऱ्याची लाल धूळ. शेवटी म्हणाला, "पोरगी राहते म्हणली तर ठेवतो. तिलाच इचारा."

हेडमास्तरांनी तिला विचारलं. सगळं तिच्या एका शब्दावर आलं होतं.

"मला..." ती म्हणाली आणि थांबली. नजर वर गेली. ओठ हलले.

माझा धीर सुटला. "राहायचंय, सर. तिला राहायचंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. या वेळी मान डोलली नाही. बाप शांतपणे म्हणाला, "बाई, तिला इचारलं हुतं." पुन्हा विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं, पण ती खाली बघून गप्प राहिली. "लिवा दाखला," बाप म्हणाला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मी फाटकापर्यंत गेले. बाप पुढं चालत होता. ती वळली, आणि एकही शब्द न शोधता म्हणाली, "बाई, मी सांगतच होते."

पुढच्या दिवाळीनंतर सड्यावर माणसं आली, ती दुसरीच. मी खाणीवर जाऊन चौकशी केली. त्या कुटुंबाचा पत्ता कुणाला ठाऊक नव्हता. त्यानंतरही मी कितीतरी वर्षं शिकवलं. अडखळणाऱ्या मुलासमोर गप्प बसायला शिकले, फार जड गेलं. मुलं आपापला शब्द शोधून काढायची, आणि पुष्कळदा तो माझ्या मनातला नसायचा. दर वेळी तिची आठवण यायची. ती राहते म्हणणार होती की जाते, मला आजही ठाऊक नाही. जाते म्हणाली असती तरी चाललं असतं. मला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं.