सोयरीक नाही

शनवारा पेठेतल्या वामनरावांना एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं. आठवडाभर पॉवरलूमवर फिटरचं काम, आणि रविवार उजाडला की पांढरा शर्ट, पांढरी टोपी घालून कुठल्या तरी गावच्या मैदानावर अंपायर म्हणून उभं राहायचं. कपाशीची वेचणी आटोपली की तापीकाठच्या गावांत टेनिस बॉलचे सामने सुरू होतात, ते थेट उन्हं तापेपर्यंत चालतात. चोवीस हंगामांत वामनरावांनी एक रविवार चुकवला नव्हता. घरी पाहुणे आले तरी यांचा जीव स्टंपांपाशी. त्यांची बायको सरुबाई म्हणायची, "तुमचं लगन तं त्या टोपीसंगच लागेल आहे."

या भागात अंपायर तिसऱ्याच गावचा लागतो. शिवाय सामन्याआधी त्याने माइकवर सांगायचं, दोन्ही गावांत माझी सोयरीक नाही. वामनराव हे असं ठणकावून सांगायचे, की भांडखोर गावंही दिवसभर गप्प राहत.

यंदा मात्र ते वाक्य पूर्ण खरं राहिलं नव्हतं. अंतिम सामना जसोंडी आणि इच्छापूरचा, आणि इच्छापूरचा मोहित त्यांचा होणारा जावई. मोहितच्या घरच्यांनी त्यांच्या मुलीला, हिमानीला, पसंत केलं होतं, सोयरीक पक्की करणारं कुंकू येत्या गुरुवारी लागायचं होतं. कुंकू लागलं नाही म्हणजे अजून सोयरीक नाही, अशी वामनरावांनी मनाची समजूत घातली आणि नेहमीचं वाक्य बोलून मोकळे झाले. मग दिवसभर त्यांना चैन नव्हतं. मोहित खेळायला आला तेव्हा तर त्याच्याकडे बघायलाही ते घाबरत होते.

शेवटची जोडी, सात धावा हव्या, षटक एकच बाकी. पहिल्याच चेंडूवर मोहित चोरटी धाव घ्यायला पळाला. फेक आली, गोलंदाजाने वामनरावांसमोरचे स्टंप उडवले. मोहितची बॅट वीतभर आत होती. वामनरावांनी ती स्वच्छ पाहिली. पण उद्या कुंकवाचं कळलं की लोक म्हणतील, जावयाला वाचवलं. या धास्तीने त्यांचं बोट वर गेलं.

जसोंडीची पोरं नाचायला लागली. मोहित मान खाली घालून चालू लागला. ती खाली गेलेली मान वामनरावांना बघवेना. ते जवळजवळ धावतच माइकपाशी गेले.

"पोरगा आउट नव्हता. मी खोटा निर्णय दिला. माझी पोरगी याच्याच घरी देणार आहे. सकाळी तेही लपवलं."

जसोंडीचा कप्तान चंदन पुढे आला. "काका, हे आता सांगता? पहिले नाही बोलता आलं?"

"नाही बोललो. माझीच चुकी. पण बॅट आत होती रे, चंदन."

चंदनने मोहितला हात करून परत बोलावलं. मग म्हणाला, "खेळू द्या त्याला. तुम्ही मात्र बाहेर व्हा."

वामनरावांनी टोपी काढून दुसऱ्या अंपायरच्या हातात दिली आणि दोरीबाहेर जाऊन उभे राहिले. दोन चेंडूंनंतर मोहितचा मधला स्टंप उडाला. जसोंडी जिंकली ती जिंकलीच.

गुरुवारी ठरल्याप्रमाणे कुंकू लागलं. मोहित पाया पडताना हळूच म्हणाला, "बाबा, दुसऱ्यांदा पक्का आउट होतो." सगळे हसले. वामनरावही हसले, पण त्यांचे डोळे भरून आले.

रविवारी कुठूनच बोलावणं आलं नाही. सरुबाईने सवयीने पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. वामनराव घरात येरझाऱ्या घालत राहिले, आणि दुपारी न राहवून शेजारच्या गावच्या मैदानावर गेले. लोकांच्या मागे, दोरीबाहेर उभे राहिले. धावबादचं अपील झालं. फलंदाज साफ बाहेर होता. तिथला अंपायर घुटमळला, आणि इकडे वामनरावांचं बोट आपोआप वर गेलं. कोणी पाहायच्या आत त्यांनी ते दुसऱ्या हाताच्या मुठीत घट्ट धरलं, आणि सामना संपेपर्यंत तसेच उभे राहिले.