क्रॉसबोच्या विरोधात अर्ल पिकेट

दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटं. सिंगापूर, एका ऑफिसचा अकरावा मजला. माझ्या समोरच्या स्क्रीनवर अमेरिकेतल्या एका साप्ताहिकाचं पान, आणि त्या पानाची उजवी बाजू कोरी.

बस्स, एवढंच. एवढ्याशा कोऱ्या जागेत बावीस वर्षांचा अनुभवी बातमीदार कसा तोंडावर आपटला, ते ऐका. चहा गार होईल. झाला तर दुसरा करू.

आधी मी तिथे काय करत होतो ते सांगतो. पुण्यात मी बावीस वर्षं बातमीदारी केली. महापालिका, कोर्ट, साखर कारखाने, सगळं. तीन नगरसेवकांनी मला 'बघून घेतो' म्हटलं आणि तिघेही पुढच्या निवडणुकीत पडले. योगायोग म्हणा हवं तर. मी म्हणत नाही! मग आमच्या सौ.ला, मंगलला, सिंगापूरच्या एका बँकेत नोकरी लागली आणि आम्ही चोआ चू कांगला फ्लॅट घेऊन राहिलो. सिंगापुरात राहायच्या माझ्या परवान्यावर, म्हणजे पासावर, शब्द छापून आला: डिपेंडंट. बायकोवर अवलंबून! ज्या माणसाने भर पत्रकार परिषदेत मंत्र्याला घाम फोडला, तो अवलंबून!

म्हणून ही नोकरी धरली. अमेरिकेतली छोटी छोटी पत्रं आपली पानं आमच्याकडे पाठवायची. ते झोपले की आम्ही चुका काढायच्या, मथळे द्यायचे आणि ते उठायच्या आत पानं परत पाठवायची. माझं प्रोबेशन चालू होतं. आणखी तीन आठवडे नीट काढले की नोकरी पक्की, आणि माझा स्वतःचा एम्प्लॉयमेंट पास. नाही तर पुन्हा 'डिपेंडंट'. तुम्हाला हसू येतंय, पण मी त्या पासासाठी रोज साडेसहाला उठत होतो.

तर ते पान. ते साप्ताहिक जिथे निघायचं त्या भागात घरटी एक शिकारी. हरणाच्या शिकारीचे तिकडे वेगवेगळे हंगाम असतात, बंदुकीचा वेगळा आणि धनुष्यबाणाचा वेगळा. आता क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारखा दस्ता असलेलं आडवं धनुष्य. दोरी एकदा ओढून अडकवून ठेवायची, नेम धरायचा, घोडा दाबायचा. बाण सुटला! प्रश्न असा होता की धनुष्यबाणाच्या हंगामात क्रॉसबोला परवानगी द्यावी का? डावीकडे 'हो' म्हणणारा लेख आला होता. उजवीकडे 'नाही' म्हणणारा यायचा होता. त्या लेखकाचा पत्ता नव्हता. संपादक रॉयची चिठ्ठी होती: "लेख रात्रीत येईल. तो सध्या जंगलात आहे."

जंगलात! हरणामागे! आणि पान सहाला जायचं. रॉयला फोन केला तर तिकडे पहाटेचे पावणेचार, फोन बंद.

आता तुमच्यापैकी कोणी मराठी वर्तमानपत्रात काम केलंय का? मग तुम्हाला सांगायला नको. वाचकांच्या पत्रांचा रकाना कमी पडला की आम्ही काय करायचो? कोरा सोडायचो? अजिबात नाही! उपसंपादक चहा मागवायचा आणि स्वतःच पत्र लिहायचा. खाली सही, 'एक त्रस्त नागरिक, शनिवार पेठ'. माझ्या त्रस्त नागरिकाने एकदा पाच वर्षं कोरड्या नळाला पाणी आणलं होतं! ती आमची रीत होती. त्यात कोणाला खोटेपणा वाटायचा नाही, कारण नळ खरोखरच कोरडा असायचा.

मी बोटं मोडली आणि बसलो.

धनुष्य मी आयुष्यात हातात धरलेलं नाही. हरीण पाहिलंय ते झूमध्ये, तेही मुलीला आइस्क्रीम घेऊन देताना. जेवणात अंडंसुद्धा नाही. पण 'हो' वाल्याचा लेख वाचता वाचता मला राग येऊ लागला. खरा राग! म्हणे क्रॉसबो सोपी आहे, शिकायला एक दुपार पुरते. अरे, मी शॉर्टहँड शिकायला दोन वर्षं घालवली, आणि मग पोरं टेपरेकॉर्डर घेऊन आली आणि पहिल्या दिवसापासून बातमीदार झाली! मला हा प्रश्न आतून कळला.

मी लिहिलं: धनुष्य ओढायचं तर हरीण जवळ आल्यावर ओढावं लागतं. हात हलतो. हरणाला तो दिसू शकतो. म्हणजे हरणालाही एक संधी असते. क्रॉसबोवाला आधीच दोरी चढवून बसतो, हरणाची ती संधी काढून घेतो. तुम्हाला सोपं हवं असेल तर बंदुकीचा हंगाम आहेच, तिकडे जा. आमच्या हंगामात गर्दी करू नका.

छान झालं ना? मलाही वाटलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण लेखाला थोडा जिव्हाळा हवा, नाही का? त्या दिवसांत माझा उजवा खांदा आखडला होता. फ्रोझन शोल्डर. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, वरची कडी धरता येईना. तो खांदा मी उचलला आणि लेखात घातला: "मी अडुसष्ट वर्षांचा आहे. डॉक्टर म्हणतात, हात खांद्याच्या वर नेऊ नका. रोज सकाळी बायको तेल चोळते, रोज सकाळी मी ओरडतो, आणि मग मी धनुष्य ओढतो. ज्या दिवशी ओढता येणार नाही, त्या दिवशी घरी बसेन. क्रॉसबो धरणार नाही."

खाली नाव टाकलं, अर्ल पिकेट. पाच वाजून पन्नास मिनिटांनी पान रवाना. घरी जाताना एमआरटीत मी डाव्या हाताने कडी धरून ताठ उभा होतो. पान कोरं गेलं नव्हतं!

पुढच्या आठवड्यात आमची साहेब मिस लिम माझ्या टेबलापाशी आली. बारीक चणीची, कधी न हसणारी बाई. तिचं इंग्रजी मी मराठीत सांगतो, वाक्याच्या शेवटी लावायचा सिंगापुरी 'लाह' तेवढा तिचाच.

"जोग, क्लायंट फार खूश आहे, लाह. त्या 'नाही' लेखावर पत्रांचा ढीग आलाय. मथळा तू दिलास?"

"मथळा मीच दिला," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.

"गुड. असंच काम कर."

मी पत्रं उघडली. म्हटलं, क्रॉसबोवाल्यांची दाणादाण उडाली असणार. आणि काय वाचतो? 'बिचारा अर्ल!' 'अशा म्हाताऱ्याला धनुष्य ओढायला लावणारा कायदा निर्दय आहे.' 'अर्लसारख्यांसाठीच क्रॉसबो हवी!' एका बाईंनी लिहिलं होतं की पत्र वाचून त्यांचे यजमान रडले. क्रॉसबोच्या बाजूने एवढा बिनतोड मुद्दा क्रॉसबोवाल्यांनाही सुचला नव्हता. तो मी दिला, विरोधात लिहून!

आणि सर्वांत शेवटी एका शिकारी क्लबचं पत्र. येत्या महिन्यात याच प्रश्नावर जाहीर सभा आहे, तिथे आम्ही अर्ल पिकेट यांना नवीकोरी क्रॉसबो भेट देणार आहोत.

दुसऱ्या दिवशी रॉयची ईमेल: "अर्लचा फोन नंबर पाठवा. आमचा लेखक जंगलातच राहिला, म्हणजे अर्लचा लेख तुमच्याकडेच थेट आला होता ना?"

मी घरी जाऊन मंगलला सगळं सांगितलं. ती भात लावत होती. तिने झाकण आपटलं.

"अहो, शिकारीचं पत्र? तुम्ही? झुरळ दिसलं की मला हाक मारता!"

"प्रश्न झुरळाचा नाही, मंगल. प्रश्न पासाचा आहे. खोटा माणूस छापला हे कळलं तर मिस लिम मला ठेवणार नाही."

"मग मारून टाका त्याला."

"कोणाला?"

"त्या अर्लला. झाडावरून पडला म्हणावं."

"वेडी आहेस का? तो मेला तर तिथले लोक अंत्ययात्रेला येतील! कोणाच्या येणार?"

आमची लेक सई आतून अभ्यासाचं पुस्तक घेऊन आली. ती तिथल्याच शाळेत वाढलेली. शांतपणे म्हणाली, "बाबा, यू आर सो डेड, लाह."

शेवटी मी काय केलं असेल? नवा ईमेल पत्ता उघडला, अर्लच्या नावाने. आणि अर्लकडून रॉयला लिहिलं की, माझ्याकडे फोन नाही, मी भेट घेणार नाही, मी सभेला येणार नाही, आणि कोणी क्रॉसबो दारात आणून ठेवली तर गुडघ्यावर मोडून परत पाठवीन.

आता हा विषय संपला की नाही? तुम्हीच सांगा!

रॉयने ते पत्र पहिल्या पानावर छापलं. चौकटीत. वर मथळा, 'मोडेन, पण वाकणार नाही'. आणि ते पान तपासायला कोणाकडे आलं? माझ्याकडेच! मी माझ्याच पत्रातला स्वल्पविराम दुरुस्त केला. खरं सांगू? वाचताना ऊर भरून आला. बावीस वर्षांत मी कोणाला इतकं ताठ उभं केलं नव्हतं.

पण सभेचा दिवस जवळ आला. तिकडे दोन्ही बाजूचे लोक अर्लच्या नावाने बोलत होते. धनुष्यवाल्यांनी त्याच्या नावाचे फलक केले, क्रॉसबोवाल्यांनी त्याच्या खांद्याची शपथ घेतली. लोक कायदा ठरवणार होते, तो माझ्या आखडलेल्या खांद्यावर! त्रस्त नागरिकाचा नळ निदान खरा होता. इथे मी शिकारी नव्हतो, त्या गावचा नव्हतो, अडुसष्टचाही नव्हतो. मी आयुष्यभर इतरांना खुलासे छापायला लावले. स्वतःचा खुलासा गिळणार? नाही! पास गेला तर गेला. डिपेंडंट तर डिपेंडंट!

शुक्रवारी सकाळी, प्रोबेशनच्या शेवटच्या दिवशी, मी इस्त्रीचा शर्ट घालून मिस लिमच्या केबिनमध्ये गेलो. तिकडची सभा तोवर नुकतीच संपली होती.

"मिस लिम, मला एक कबुली द्यायची आहे. अर्ल पिकेट नावाचा माणूस नाही. ती दोन्ही पत्रं मी लिहिली."

तिने वर पाहिलं. "तू?"

"मी."

"तू शिकार करतोस?"

"मी शाकाहारी आहे."

मग तिने टेबलावरचा एक फॅक्स माझ्यासमोर सरकवला. "हे आताच रॉयकडून आलंय. सभेचं इतिवृत्त. वाच."

मी वाचलं. क्रमांक नऊ, वक्ते अर्ल पिकेट, वय अडुसष्ट. चार मिनिटं बोलले. खांद्याचं दुखणं सांगितलं. आपण आपलं मत बदललं आहे, असं जाहीर केलं. क्रॉसबोला परवानगी द्यावी, असं सुचवलं. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. ठराव मंजूर.

मी परत वाचलं.

"पण... हा असूच शकत नाही! याला मी जन्माला घातलंय!"

"जोग," मिस लिम म्हणाली. मी त्या बाईला तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं. "तुम्ही पत्रकार लोक सगळे सारखेच, लाह. काहीही गाजलं की 'मी लिहिलं, मी लिहिलं'. म्हाताऱ्या माणसाचं श्रेय तरी सोड."

"मी पुरावा देतो! त्याचा ईमेलचा पासवर्ड मला माहीत आहे!"

"आता दुसऱ्याचा पासवर्डसुद्धा? जा, काम कर."

मला नोकरीत पक्कं केलं. पासही मिळाला, माझ्या स्वतःच्या नावाचा. आयुष्यात एकदाच मी स्वतःविरुद्ध पूर्ण खरी बातमी दिली, आणि ती कोणी छापली नाही! माझ्या फायलीतल्या मूल्यमापनाच्या कागदावर मिस लिमने स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं वाक्य मी पाहिलं: "काम उत्तम. बढाया मारतो."

पुढे मी रॉयला दोनदा विचारलं की तो माणूस दिसायला कसा होता, आला कुठून, गेला कुठे. रॉयने एवढंच कळवलं की सभेनंतर त्याला गावात कोणी पाहिलं नाही. शिकारी क्लबलाही मी लिहिलं. त्यांनी फक्त एक कागद स्कॅन करून पाठवला, क्रॉसबो मिळाल्याच्या पोचपावतीचा. त्यावर ठळक, सरळ अक्षरात सही आहे, अर्ल पिकेट.

ती सही माझी नाही.