मामींनी घेतलेलं पॅकेज

मामी लाँड्रीच्या काउंटरवर बसतात. आलेला कपडा आधी हुंगायचा, मग खिसे चाचपायचे आणि मगच पावती फाडायची, ही त्यांची रीत. घरीही तेच. मामा लिफ्टदुरुस्तीवाले, हातात कसब, पण रमचा भारी नाद. एका सकाळी झोकांड्या खात लिफ्टच्या खड्ड्यात जाता जाता वाचले, आणि त्या दिवशी दारू सुटली ती सुटलीच. त्याला नऊ वर्षं झाली. पगार मामींच्या हातात, मामांच्या खिशात बसभाड्यापुरते पैसे आणि संध्याकाळी दारात मामींचं नाक! शेजारीपाजारी हसायचे. हसेनात का! संसार रुळावर होता ना.

लग्नाच्या वाढदिवसाला लेकीने जहाजाची सफर दिली. मामी हरखल्या खऱ्या, पण जहाजावर चढताच कळलं की इथे रोख पैसा चालतच नाही. प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड. खोलीचं दार त्यानेच उघडायचं आणि पेलाही त्यानेच मागायचा. त्यात जहाजाच्या काउंटरवरची बाई पॅकेज माथी मारायला टपलेली. एकदा पैसे भरा, मग चहा, कॉफी, सरबत, दारू, हवं ते आणि हवं तितकं. पण एका खोलीतल्या दोघांनीही घ्यायचं.

साध्या चहाचा भाव ऐकून मामींनी बोटांवर हिशोब मांडला. दोघांनी मिळून रोज सात-आठ पेले रिचवले तर पॅकेज परवडणारं होतं. पण एकेक पेला विकत घेतला तर बिलावर दिसतो. पॅकेज घेतलं की काहीच दिसत नाही. मग मामांवर लक्ष कसं ठेवायचं?

"अहो, घ्यायचं का?"

"नको," मामा एवढंच म्हणाले, तेही दुसरीकडे बघत.

दुपारी दोघं डेकवरच्या बारजवळून चालले होते. बारमनने मामांना पाहिलं आणि हसत एक पेला पुढे सरकवला. रम, कोमट पाणी आणि वर लिंबाची साल.

मामी जागीच थिजल्या. अशी रम पिणारा माणूस त्यांनी उभ्या जन्मात एकच पाहिला होता.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"साहेबांनीच की! जेवणाआधी आले होते. कार्ड जवळ नव्हतं, म्हणून तसेच गेले. म्हटलं, बनवून ठेवावं."

जेवणाआधी मामी डेकवर वारा खात होत्या आणि मामा खोलीत बॅगा लावत होते. निदान मामांचं म्हणणं तसं होतं. मामींनी तिथल्या तिथे त्यांचं तोंड हुंगलं. वास चहाचाच होता. मामा मात्र बारच्या टोकाच्या रिकाम्या स्टुलाकडे टक लावून बघत होते.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बारमध्ये हाच प्रकार. तिसऱ्या दिवशी तर सफाईवाला म्हणाला, "साहेब, रोज नुसते बसून असता, घेत काहीच नाही!" मामींनी बिल काढून पाहिलं. त्यात दारूचा थेंब नव्हता. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली. माणूस नऊ वर्षं शब्दाला जागला, आणि आपण अजून त्याचं तोंड हुंगतोय! पुरे झालं हे, असं म्हणून त्या ताडताड काउंटरवर गेल्या आणि मामांना न विचारता दोघांचं पॅकेज घेऊन आल्या.

"बघा, तुमच्यावर विश्वास ठेवलाय," त्या कौतुकाने म्हणाल्या. "आता खुशाल हवं ते मागा."

मामांच्या तोंडचं पाणीच पळालं. "अगं, काय करून बसलीस हे!"

"का? काय झालं?"

"पहिल्या दिवसापासून तो इथे आहे. मीच आहे तो. पिणारा. दारू सुटली तेव्हा तू जाळलास ना, तोच निळा कोट अंगात. बारवर बसतो आणि मला खुणा करतो. कार्ड नव्हतं, आणि काढलं तरी बिलावर दिसलं असतं, म्हणून अडला होता मेला. आता पॅकेजवर काहीच दिसणार नाही."

मामी त्यांच्याजवळ सरकल्या. "मग मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू आधी काय केलं असतंस? तोंड हुंगलं असतंस."

  नवऱ्याचा दंड धरून मामी धावत सुटल्या, त्या काउंटरपाशीच थांबल्या. समोर ही रांग! मामा रांग मोडून पुढे घुसले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मी दारुडा आहे. माझं पॅकेज बंद करा. आत्ताच्या आत्ता."

हा शब्द त्यांच्या घरात कधी कोणी उच्चारला नव्हता. रांगेतली माणसं वळून बघू लागली. काउंटरवरची बाई गोंधळून म्हणाली, "पण साहेब, आत्ताच तर तुम्ही येऊन गेलात. कार्ड हरवलं म्हणालात, मी दुसरं करून दिलं."

मामांचं कार्ड तर त्यांच्या गळ्यातच होतं. त्यांनी ते मुठीत गच्च धरलं. मग त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"आली," ते पुटपुटले. "तो प्यायला गं. चव माझ्या तोंडात आली."

मामी पुढे झाल्या. आता लाजायचं कुणाला? त्यांनी नवऱ्याच्या तोंडाशी नाक नेलं. सकाळचा चहा, बस्स. या माणसाने खरंच एक घोटही घेतला नव्हता. मामींना रडूच फुटलं, आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात घट्ट धरले.

रमचा वास मात्र येत होता. तो मामींच्या पाठीमागून येत होता. त्यांनी मान वळवली नाही. मामांचे डोळे त्यांच्या खांद्यावरून मागे खिळले होते, आणि ओठ मिटलेले होते.

तरीही मामींच्या कानाशी, मामांच्याच आवाजात, कोणीतरी लाडीगोडी लावत म्हणालं, "एवढी शेवटची गं."